आधी गादी, मग खुर्ची

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की मुलांवरचे संस्कार, काटकसर, फार तर आहारशास्त्र असा काहीतरी विषय ठरून गेलेला असतो. यंदा तुमच्या चिटणीसबाईंनी मला दिलेला विषय मात्र निराळा आहे. त्या म्हणाल्या, "बाई, पाठीच्या कण्याला इजा होऊन अंथरुणाला खिळलेली चारपाच माणसे आपल्या प्रकाशात आणि आसपासच्या गावांत आहेत. मंडळाच्या निधीतून त्यांना चाकाच्या खुर्च्या द्याव्यात असे ठरते आहे. खुर्ची कोणती घ्यावी, एवढे सांगा." प्रश्न सरळ होता, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येईना, म्हणून आज तुमच्यापुढे उभी आहे. मी व्याख्याती नव्हे. आयुष्याची बरीच वर्षे परिचारिकेचे काम केले आणि त्यांतली पुष्कळशी अशाच रोग्यांच्या सहवासात गेली, इतकाच काय तो माझा अधिकार.

आपल्या भागात कण्याला इजा होते ती कशी, हे तुम्हांला मी सांगायला नको. कोणी आंबे उतरवताना झाडावरून पडतो, कोणी कडब्याच्या गंजीवरून घसरतो, कोणी विहिरीत. ट्रॅक्टर उलटतो, मोटारसायकल खड्ड्यात जाते. डोक्यावर जड भारा घेतलेली बाई बांधावरून घसरली तर तो सगळा भार मानेवर येतो. बांगलादेशातील डॉक्टरांनी तर भाऱ्याचे हे कारण मुद्दाम नोंदवून ठेवले आहे. मणक्यांच्या पोकळीतून मेंदूचे निरोप खाली नेणारी मज्जारज्जू नावाची दोरी जाते. ती दुखावली की दुखावल्या जागेच्या खालची हालचाल जाते. इजा कमरेजवळ असेल तर पाय जातात, मानेत असेल तर हातही जातात. हे सर्वांना दिसते. जे दिसत नाही ते असे, की हालचालीबरोबर बहुधा स्पर्श आणि वेदनाही जाते.

एका घरी मी गेले होते. मुलगा विशी-बाविशीतला, झाडावरून पडलेला. कोणा दानशूर गृहस्थांनी दिलेल्या खुर्चीत दिवसभर बसलेला. त्याला उताणा-पालथा करून पाहिले तर बैठकीवर रुपयाएवढा काळसर डाग. मी म्हटले, "माय, याला आता काही दिवस बसवू नका, इथे जखम होते आहे." माउली माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "त्याले दुखसच नही, मंग जखम कशी व्हई?"

भगिनींनो, आजचा सारा विषय या एका प्रश्नात आहे. त्याला दुखत नाही, म्हणूनच जखम होते. तुम्ही आता सतरंजीवर बसून माझे बोलणे ऐकत आहात. या दहा मिनिटांत तुमच्यापैकी प्रत्येकीने दोनचार वेळा तरी बैठक बदलली असेल. मांडी मोडली असेल, एका अंगावर रेलला असाल. तुमच्या ध्यानीमनीही नसेल. बैठकीच्या दोन हाडांखालचे मांस दबते, त्यातले रक्त थांबते, ते मांस तक्रार करते आणि तुम्ही हलता. ज्याची तक्रार मेंदूपर्यंत पोचतच नाही तो हलत नाही. तासचे तास हाड आणि फळी यांच्यामध्ये मांस चिरडले जाते. आत ते कुजू लागते आणि वरच्या कातडीवर मात्र नुसता डाग दिसतो. डाग फुटेपर्यंत आत केवढी पोकळी झाली आहे, हे कळत नाही. अशी जखम भरायला महिनेच्या महिने लागतात. तेवढा काळ पालथे पडून राहावे लागते. शाळा, धंदा, संसार सगळे थांबते. जंतू रक्तात गेले तर माणूस हाती लागत नाही.

ही भीती मी उगाच घालीत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात कण्याला गोळी लागलेला शिपाई बहुधा थोड्याच काळात मरत असे. तो पुष्कळदा त्या गोळीने नव्हे, तर शय्याव्रणांनी आणि लघवीच्या विकाराने मरत असे. डॉक्टरसुद्धा हात टेकून बसत. १९४४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमन नावाच्या डॉक्टरांनी अशा जखमींचा वेगळा विभाग सुरू केला. जर्मनीतून परागंदा होऊन आलेला हा ज्यू गृहस्थ. त्यांच्या औषधात जादू नव्हती. रात्रंदिवस दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलायची, कातडी तपासायची, लघवीची स्वच्छता ठेवायची, आणि माणसाला अंथरुणातून काढून कामाला, खेळाला लावायचे. हे काम कोणाचे? निम्म्याहून अधिक परिचारिकांचे. (हे सांगताना मला अभिमान वाटतो तो तुम्ही क्षम्य मानाल.) १९४८ साली त्यांनी १६ अपंग सैनिकांच्या धनुर्विद्येच्या स्पर्धा भरवल्या. आजच्या पॅरालिंपिकचे मूळ तेथे आहे.

उलट बाजूचे उदाहरणही ऐका. सुपरमॅनचे काम करणारा अमेरिकन नट क्रिस्टोफर रीव्ह १९९५ साली घोड्यावरून पडून मानेखाली लुळा झाला. पैसा, नोकरचाकर, यंत्राची खुर्ची, मोठमोठे डॉक्टर, कशाचीही वाण नव्हती. २००४ साली दाबाने झालेली एक जखम चिघळली, विष अंगात भिनले, तिच्यावर उपचार चालू असतानाच हृदय थांबले आणि तो गेला. तेव्हा ही गोष्ट केवळ गरिबाघरची नव्हे.

आपल्या महाराष्ट्रात पाहायचे तर दोन नावे तुम्ही घरी मुलांना जरूर सांगा. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. १९७२ साली हायडेलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. त्याच स्पर्धांत ते चाकाच्या खुर्चीच्या अडथळ्यांच्या शर्यतीतही उतरले होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दुसरे नाव कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे. ऐन सोळाव्या वर्षी पाय गेले. पुढे त्यांनी नोकरी केली, १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली, शेकडो अपंग मुलामुलींना शिकवले, आणि आपले आत्मचरित्र लिहिले. त्याचे नावच 'चाकाची खुर्ची'. वाचनालयात मिळाले तर अवश्य वाचा. ही माणसे खुर्चीत 'खिळलेली' नव्हेत. खुर्चीमुळे ती घराबाहेर पडली. म्हणून खुर्चीला मी नावे ठेवते आहे असे कोणी समजू नये.

आता चिटणीसबाईंच्या प्रश्नाकडे येते. माझे म्हणणे असे, की खुर्ची घेण्याच्या आधी गादी ठरवावी. लोक करतात ते नेमके उलटे. खुर्ची दिसते, चकचकते, तिच्यावर दात्याचे नाव घालता येते, तिच्यासह छायाचित्र काढता येते. गादीवर तर माणूस बसल्यावर ती दिसतसुद्धा नाही! म्हणून खुर्ची येते आणि गादीच्या जागी घरातली उशी, नाहीतर गोधडीची घडी येते. शिवाय एक साधा हिशेब आहे. तीन-चार इंचांची गादी खुर्चीत ठेवली की माणूस तेवढा वर उचलला जातो. पाय ठेवायची पाटी खाली पडते, हात टेकायच्या पट्ट्या बुटक्या होतात, चाकापर्यंत हात पोचेनासे होतात. खुर्चीची मापे गादीसकट घ्यायची असतात. ब्लाऊज बेतण्याआधी आपण अंगाचे माप घेतो ना, तसेच हे.

गादी कसली नसावी ते आधी सांगते, कारण आपल्याकडे हा घोळ फार आहे. खानदेश कापसाचा मुलूख. घरोघरी मायेने कापसाची गादी शिवली जाते. पिंजाऱ्याकडून ताजा पिंजून आणलेला कापूस पहिल्या दिवशी मऊ लागतो यात शंका नाही. पण महिन्याभरात तो दबतो, त्याचे गोळे होतात, घाम आणि लघवी मुरते, आणि हाडाखाली तर गादी पत्र्यासारखी होते. निजायला कापूस उत्तम. अधू माणसाने आठ-दहा तास बसायला तो उपयोगाचा नाही. दुसरा घोळ ट्यूबचा. सायकलची किंवा गाडीची ट्यूब फुगवून, तिच्या मधल्या भोकावर माणसाला बसवायचे, म्हणजे जखमेला वारा लागेल अशी समजूत आहे. तसल्या कड्यामुळे भोवतालची कातडी ताणली जाते, मधल्या भागाचे रक्त आणखीच अडते आणि जखम वाढते. बाळंतिणीकरिता किंवा मूळव्याधीकरिता कोणी वापरले असेल, ते येथे आणू नका.

आता असावी कशी? ढोबळ मानाने तीन जाती आहेत. पहिली फोमची. साध्या सोफ्याचा फोम नव्हे, तर घट्ट आणि नरम अशा थरांची, तीन ते चार इंच जाडीची. तिच्यात मागच्या बाजूला बैठकीच्या हाडांखाली उथळ खळगा कापलेला असतो. त्यामुळे हाडे खळग्यात अलगद राहतात आणि वजन मांड्यांवर वाटले जाते. खळग्याच्या पुढचा उंचवटा माणसाला पुढे घसरू देत नाही. ही सर्वांत स्वस्त. फिजिओथेरपिस्टने माप दिले तर शहरातल्या फोमवाल्याकडून कापूनही घेता येते. उणीव अशी, की फोम मरतो. दाबल्यावर वर येईनासा झाला, भुगा पडू लागला, की तो टाकलाच पाहिजे. रोज बसणाऱ्याची फोमची गादी वर्षा-दोन वर्षांत बदलावी लागेल असे धरून चाला. दुसरी जेलची, म्हणजे दाट पाकासारख्या पदार्थाच्या पिशव्यांची. ती वजनाने जड असते. तिच्यावर तोल छान राहतो, पण पाक बाजूला सरकला तर तो हाताने चोळून परत मधे आणावा लागतो. तिसरी हवेची, वांग्यांच्या ओळी लावाव्यात तसे रबरी फुगे असलेली. ज्याला पूर्वी जखम होऊन गेली आहे त्याला ही पुष्कळदा मानवते. मात्र ती महाग, तिला पंक्चर होते, आणि हवा रोज पाहावी लागते. हवा जास्त भरली की गादी दगड होते, कमी भरली की हाड तळाला टेकते. अशी गादी घेऊन कोणी तोरणमाळला गेले तर वर पोचल्यावर हवा पुन्हा तपासावी. उंचावर बाहेरचा दाब कमी होतो, आतली हवा फुगते आणि खाली बरोबर असलेली गादी वर टणक होते. परत उतरल्यावर तीच ढिली पडते.

कोणती घ्यावी? ज्याची कातडी आजवर शाबूत आहे, ज्याला हातांनी अंग उचलता येते, घरात कोणी लक्ष द्यायला आहे, त्याला चांगली फोमची पुरते. ज्याला एकदा जखम झाली आहे किंवा हातही अधू आहेत, त्याची गादी तज्ज्ञाने पाहिल्याशिवाय ठरवू नये. महागडी म्हणजे चांगली असे मात्र नाही. रोज हवा पाहायला घरात कोणी नसेल तर हवेची गादी घेणे म्हणजे विकतचे संकट.

गादी लागू पडली की नाही हे पाहायची एक परीक्षा आहे. ती जागतिक आरोग्य संघटनेच्या शिक्षणक्रमात शिकवतात आणि तिला हातापलीकडे कोणतेही यंत्र लागत नाही. माणसाला थोडे एका अंगावर रेलवा, तळहात वर करून तुमची बोटे गादी आणि बैठकीचे हाड यांच्यामध्ये सारा, आणि त्याला सरळ बसू द्या. बोटांची टोके अर्धा सेंटिमीटर तरी वरखाली हलवता आली तर ठीक. हलवता येत नाहीत पण सहज बाहेर काढता येतात, तर सावध व्हा. बोटे चिमटली आणि ओढून काढावी लागली, तर ती गादी त्याच्याकरिता नाही, मग ती विलायतेहून आलेली का असेना. दोन्ही हाडांखाली पाहा, आणि दर महिन्याला पाहा. बाईमाणसाची परीक्षा बाईने करावी हे सांगणे नकोच.

गादीवरच्या खोळीविषयी दोन शब्द, कारण हा आपला, शिवणकामवाल्यांचा प्रांत. हौसेने घट्ट, जाड, रेक्झीनची किंवा कशिद्याची खोळ शिवू नका. ताणलेली खोळ झोळीसारखी वागते. हाडाला खळग्यात उतरूच देत नाही, आणि गादीचा सारा पैसा पाण्यात. खोळ ताणली जाणाऱ्या, हवेशीर कापडाची आणि किंचित सैल हवी. शिवणीचा जाड जोड बैठकीखाली येता कामा नये. दोन खोळी असाव्यात, एक धुण्यात, एक वापरात. गादी उलटी ठेवली जाणे ही तर रोजची चूक. खळगा पुढे आणि उंचवटा मागे झाला की फायदा तर नाहीच, अपायच. म्हणून खोळीच्या पुढच्या काठाला लाल दोऱ्याचा एक ठळक टाका घाला, म्हणजे शाळेतले पोरसुद्धा गादी बरोबर ठेवील. विजारीच्या मागच्या खिशात पाकीट, किल्ल्या, जाड शिवणी, साडीच्या निऱ्यांचा बोंगा हेही हाडाखाली खुपते. दुखत नाही, पण खुपते.

आता खुर्ची. बाजारात सर्रास मिळते ती रुग्णालयाची घडीची खुर्ची. आडव्या फुलीवर मिटणारी ही रचना १९३० च्या दशकात अमेरिकेत खाणीतल्या अपघाताने अधू झालेल्या हर्बर्ट एव्हरेस्ट या इंजिनियरने आणि त्याच्या जेनिंग्ज नावाच्या मित्राने, मोटारीत मावावी म्हणून, काढली. कल्पना नामी. पण रुग्णालयातली खुर्ची रोग्याला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेण्यापुरती असते, आणि ढकलणारा दुसराच असतो. तिच्यात आयुष्य काढायचे नसते. तिची बैठक साधारण १८ इंचांची. आपल्याकडचा सडपातळ तरुण किंवा मुलगी, त्यांची कंबर चौदा इंचांची. त्यात ती बसली की एका अंगाला कलंडते. वर्षभराने कणा वाकडा होतो आणि सगळे वजन एकाच हाडावर येते. रुंद खुर्ची ऐसपैस म्हणून बरी, हा समज सोडून द्या. गादी ठेवून बसल्यावर दोन्ही बाजूंना जेमतेम तळहात सरकावा इतकीच जागा हवी.

बाकीची मापेही अशीच हाताने पाहता येतात. बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची लवण यांत दोन-तीन बोटांचे अंतर असावे. कड लवणीत रुतली तर तेथेही जखम होते, आणि बैठक फार आखूड असली तर मांडीला आधार मिळत नाही. पायाची पाटी इतकी उंच करावी की मांडी गादीवर सपाट टेकेल. पाटी फार उंच झाली की गुडघे वर येतात आणि भार पुन्हा त्या दोन हाडांवरच जातो. फार खाली असली तर माणूस पुढे घसरतो, किंवा पाटी उंबऱ्याला अडते. जमिनीपासून दोन इंच तरी ती वर हवी. पाठ किती उंच? ज्याचे हात आणि छाती शाबूत आहेत त्याला ती खांद्याच्या फऱ्याच्या खाली हवी, नाहीतर हात मोकळे फिरत नाहीत. तोल जाणाऱ्याला जास्त उंच. चाकाच्या कड्यावर, अगदी वरच्या ठिकाणी, हात ठेवला की कोपर काटकोनाहून थोडे अधिक उघडे असावे. खांदे उचलून चाक ढकलावे लागत असेल तर काही वर्षांत खांदेही जातील, आणि पाय गेलेल्याचे खांदे म्हणजेच पाय.

हात टेकायच्या पट्ट्या काढता येणाऱ्याच घ्या. पट्टी घट्ट बसवलेली असली तर माणसाला खुर्चीतून खाटेवर सरकता येत नाही. दर वेळी दोघांनी उचलायचे. निघणारी असली तर गुळगुळीत फळी टाकून तो आपला आपण सरकतो. खाट आणि खुर्चीची बैठक सारख्या उंचीची असावी, म्हणजे खाटेच्या पायांखाली विटा लावायच्या किंवा पाय कापायचे. रेक्झीनची बैठक झोळीसारखी खाली जाते, म्हणून गादीखाली प्लायवूडची एक फळी बेतून घ्या. सुतार तासाभरात करून देतो.

चाकांचा विचार आपल्या जमिनीवरून करायचा. पुढची चाके लहान आणि अरुंद असली तर सिमेंटवर ती छान पळतात आणि आपल्या काळ्या मातीत पाऊस पडल्याबरोबर रुततात. आपल्याला मोठी आणि रुंद हवीत. मागची चाके हवेची असावीत, धक्का कमी बसतो, आणि पंक्चर झाले तर गावातला सायकलवाला काढून देतो. हवा कमी असली की ब्रेकही धरत नाहीत, हे ध्यानात ठेवा. घरात आणि दारात खुर्ची, आणि शेतावर किंवा शहाद्याच्या रस्त्याला हाताने फिरवायची तीनचाकी, अशी जोडी असेल तर सोन्याहून पिवळे. पण तीनचाकीच्या लाकडी फळीवरसुद्धा तीच गादी लागते. बस, ट्रॅक्टर, बैलगाडी, जमिनीवरची पंगत, सगळीकडे गादी बरोबर न्या. मोरीतला धोंडा आणि शौचाची खुर्चीही यात आली. तेथे पाऊण तास बसून झालेल्या जखमा मी पाहिल्या आहेत.

खुर्ची आणण्याआधी घराचा दरवाजा मापा. हे वाक्य तुम्हांला हसू आणील, पण खुर्ची ओट्यावर आणि माणूस आत, असे प्रकार घडतात. केदारेश्वराच्या दर्शनाला किंवा तापी-गोमाईच्या संगमावर नेताना पायऱ्या आल्या की चार हौशी तरुण धावतात आणि सापडेल ते धरून खुर्ची उचलतात. हात टेकायची पट्टी किंवा पायाची पाटी धरली की ती निघून हातात येते आणि माणूस खाली! नेहमी न निघणारा सांगाडा धरायचा, माणसाचे तोंड पायऱ्यांच्या उताराकडे ठेवायचे, आणि बोलायचे ते एकानेच.

ऊन हा आपला खास शत्रू. वैशाखात अंगणात राहिलेली लोखंडी खुर्ची आणि उन्हात तापलेली जेलची गादी, दोन्ही भाजतात, आणि बसणाऱ्याला पत्ता लागत नाही. बसण्यापूर्वी दुसऱ्याने हात लावून पाहावा. अधू बाई स्वयंपाक करीत असेल तर गरम पातेले मांडीवर घेऊन सरकण्याचा मोह होतो. मांडीला चटका कळत नाही. मांडीवर आधी लाकडी पाट, मगच भांडे, आणि तेही निवलेले.

बाईचा विषय निघाला म्हणून सांगते. माझ्या पाहण्यात असे आले, की कर्ता पुरुष अधू झाला तर त्याच्यासाठी खुर्चीची खटपट होते, आणि सून अधू झाली तर तिला मागच्या खोलीत खाट मिळते. "ती कुठे जाणार आहे?" असे म्हणतात. तुमच्या यादीतली चारपाच नावे मी पाहिली नाहीत. त्यांत बाई नसेल, तर गावात कोणी नाही असे न समजता एकदा घरोघर विचारा, एवढी विनंती.

उत्तम गादी आणि मापाची खुर्ची मिळाली तरी दाब हलका करणे सुटत नाही. अर्ध्या तासाने एकदा पुढे झुकून छाती मांड्यांकडे न्यायची, किंवा आळीपाळीने एकेका अंगावर रेलायचे, आणि तसे एक-दोन मिनिटे राहायचे. हातांवर अंग उचलण्याचा प्रकार दिसायला मर्दानी खरा. पण कोणी दोन मिनिटे उचलून धरीत नाही, आणि खांदे झिजतात. सकाळ-संध्याकाळ बैठक, माकडहाड, टाचा आरशात पाहायच्या किंवा दुसऱ्याने पाहायच्या. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून हात फिरवून पाहावे. भोवतालपेक्षा गरम लागते का, टणक लागते का, रंग जांभळट-काळसर झाला आहे का? तसे वाटले तर ते निवळेपर्यंत त्या जागेवर बसायचे नाही. कातडी फुटली तर हळद-तेल लावून वाट पाहू नका, डॉक्टर गाठा.

पैशाची बाजू थोडक्यात. केंद्र सरकारची अपंगांना साधने देण्याची 'एडिप' नावाची योजना १९८१ पासून चालू आहे, आणि कानपूरच्या 'अलिम्को' या सरकारी कारखान्याच्या खुर्च्या व तीनचाक्या तिच्याखाली मिळतात. त्याकरिता अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. २०१६ च्या कायद्यात ४० टक्के अपंगत्वाची मर्यादा आहे, आणि कण्याच्या इजेने दोन्ही पाय गेलेला माणूस सहसा तिच्यात बसतो. शिबिरात नाव नोंदवताना माप घ्यायला लावा आणि गादीविषयी मुद्दाम विचारा. न विचारता मिळेल असे धरू नका. मुंबईला हाजीअली येथे १९५५ पासून चालत आलेली केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. एखाद्याचा कणा वाकू लागला असेल किंवा जखम वारंवार होत असेल, तर तेवढा प्रवास करावा. अलीकडे मद्रासच्या आय. आय. टी.तून निघालेली 'निओफ्लाय' नावाची, प्रत्येकाच्या मापाने बेतून देणारी देशी खुर्चीही आली आहे. मंडळाच्या निधीला ती आज पेलणार नाही, पण माहीत असावी.

आता मंडळाला माझी सूचना. पाच खुर्च्या घेण्याइतका निधी असेल तर तीनच घ्या. मापाच्या घ्या, प्रत्येकीबरोबर गादी आणि दोन खोळी द्या, आणि उरलेले पैसे वर्षा-दोन वर्षांनी गाद्या बदलण्याकरिता पेटीत ठेवा. दोन घरांना यंदा थांबावे लागेल, आणि ते सांगणे कठीण जाईल हे मी जाणते. तरीही माझे मत तेच आहे. महिन्यातून एकदा दोन सभासदांनी त्या घरी जाऊन बोटांची परीक्षा घ्यावी. दात्यांची नावे घालायचीच असतील तर खुर्चीच्या पाठीवर घाला. गादीच्या खोळीवर भरतकाम करू नका!

सभा संपल्यावर त्या कोपऱ्यातल्या टेबलाजवळ या. तेथे फोमची नवी गादी, मेलेल्या फोमची एक जुनी आणि कापसाची एक, अशा तीन ठेवल्या आहेत. खुर्चीवर एकीने बसायचे आणि दुसरीने बोटे घालून पाहायचे. बांगड्या तेवढ्या मागे सारा.